इंजिन उतरवलंय, आता खोलू का?

प्रश्न : माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी १ लाख ६० हजार किलोमीटर धावली आहे. क्लच घसरत होता आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल गळत होतं, म्हणून मित्राच्या मदतीने दोन्ही एकत्रच बाहेर काढले. आता गिअरबॉक्स सुटा केलाय आणि इंजिन स्टँडवर आहे. गाडी तशी बरी चालायची. पिकअप ठीक, कसला आवाज नाही. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की निळसर धुराचा एक भपका यायचा, मग दिवसभर काही नाही. साधारण ३ हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल घालावं लागे. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, टायमिंगला बेल्ट आहे. मित्र म्हणतो, 'एवढी उस्तवार केलीच आहेस तर रिंगा, बेअरिंग, बोअर सगळं करून टाक, पुन्हा कधी उतरवणार?' काका म्हणतात, चालत्या इंजिनाला हात लावू नये. उतरवण्याआधी कॉम्प्रेशन बघायचं राहून गेलं. काय करू?

उत्तर : तुमचा मित्र आणि तुमचे काका, दोघंही इंजिनात न डोकावता बोलताहेत. 'उतरवलंच आहे तर' हे खोलण्याचं कारण होत नाही, आणि 'चालतंय ना' हे न खोलण्याचंही नाही. माझं पोट ब्लॉक बोअर करण्यावर, म्हणजे झिजलेला सिलिंडर मोठ्या मापाला कापण्यावर, आणि क्रँक ग्राइंड करण्यावर भरलं, म्हणजे खरं तर मी मित्राची री ओढायला हवी. पण आमच्या टेबलावर सुटे होऊन आलेले कितीतरी ब्लॉक असे असायचे, की मापाचा डायल लावल्यावर मालकाला सांगावं लागे : अहो, याला काही झालंच नव्हतं. तोवर बेअरिंगच्या कॅपा एकमेकींत मिसळलेल्या असत आणि पिस्टनच्या रिंगांचा त्या बोअरशी, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीशी, जमलेला संसार मोडलेला असे.

तेव्हा खोला, पण एकेक पायरीने. जे सहज परत बसवता येतं ते आधी. प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर 'ठीक आहे' असं आलं की तिथंच थांबायचं. पुढची पायरी 'बघू तरी' म्हणून उतरायची नाही.

आधी तुमचं पत्रच वाचू, त्यात बरंच काही आहे. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी एकदाच निळा भपका सोडायचा आणि नंतर गप्प बसायचं, ही व्हॉल्व स्टेम सीलची, म्हणजे व्हॉल्वच्या दांडीवरच्या सीलची, खूण. सील कडक झाले की हेडमध्ये साचलेलं ऑइल गाइडमधून रात्रीतून थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी जळतं. रिंगा गेल्या असत्या तर धूर चढावर, दाबून पिकअप घेताना आला असता, आणि दिवसभर आला असता. ३ हजार किलोमीटरला एक लिटर, तेही गळतीसकट, यात मला घाबरण्यासारखं काही दिसत नाही. ठकठक नाही, पिकअप आहे. म्हणजे खालचा अर्धा भाग, क्रँक-पिस्टनचा, निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. शक्यता म्हणतोय, खात्री नव्हे.

ऑइल प्रेशरबद्दल मात्र तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. 'दिवा कधी लागला नाही' असं म्हणाल, तर त्यावर जाऊ नका. बहुतेक गाड्यांत तो दिवा प्रेशर पार अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली घसरल्यावर पेटतो. बेअरिंग बऱ्यापैकी झिजलेलं इंजिनही दिवा न लावता धावत राहतं. ज्यांनी अजून इंजिन उतरवलेलं नाही त्यांनी दिव्याचा स्विच काढून त्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बघावं. जुन्या इंजिनांसाठी दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा ठोकताळा, बाकी त्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा खरा. थंड इंजिनावर कुणाचंही प्रेशर छान दिसतं. तुमची ही संधी गेली, त्यामुळे ते उत्तर आपल्याला खालून, बेअरिंग बघून, काढावं लागेल.

कॉम्प्रेशनची संधीही गेली असं तुम्हाला वाटतंय, पण स्टँडवरच्या इंजिनाला लीक-डाउन टेस्ट करता येते आणि ती मला कॉम्प्रेशनपेक्षा जास्त आवडते. कॉम्प्रेशन सांगतं की काहीतरी गळतंय. लीक-डाउन सांगतं कुठून. एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागी) आणायचा, दोन गेजच्या टेस्टरने प्लगच्या भोकातून १०० पीएसआय हवा द्यायची आणि दुसऱ्या गेजवर किती टिकते ते बघायचं. ९२ दिसले तर गळती ८ टक्के. एक काळजी : पिस्टन अगदी टीडीसीवर नसेल तर हवा क्रँक जोरात फिरवते. फ्लायव्हील नीट अडकवा. पुलीच्या बोल्टवर पाना तसाच ठेवून हवा सोडू नका, मनगट जाईल.

मग कान लावा. गाडीखाली वाकायचं नाही, पंख्याचा आवाज नाही. इंजिन बाहेर असल्याचा खरा फायदा हा. ऑइल भरायच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर रिंगांपाशी गळती. एक्झॉस्टच्या बाजूने आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, इनटेककडून आली तर इनटेक व्हॉल्व. पाण्याच्या वाटेत पाणी भरून ठेवलंत आणि बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. थोडी फुसफुस ऑइलच्या तोंडाशी येणारच, कारण रिंगेच्या टोकांत फट ठेवलेलीच असते. थंड इंजिन गरमपेक्षा जरा जास्त गळतं, हेही धरा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. चारही सिलिंडर दहा-पंधराच्या घरात आणि एकमेकांच्या जवळ असतील तर मी त्या पिस्टनना हात लावणार नाही. एखादा वीसच्या पुढे गेला आणि आवाज ऑइलच्या तोंडाशी असेल, तर मात्र हेड उतरवावं लागेल.

तोवर दोन फुकटच्या गोष्टी. काढलेला ऑइल फिल्टर फेकला नसेल तर त्याचा पत्रा कापा, आतला घडीचा कागद पसरा आणि उन्हात धरा. बारीक करडी भुकटी चालते. चमचमणारे कण असतील तर लोहचुंबक फिरवा. चिकटले ते लोखंड. न चिकटणारे आणि तांबूस दिसणारे बेअरिंगमधून आलेले. दुसरी गोष्ट, क्रँक मागे-पुढे ढकलून त्याचा लांबीतला खेळ डायलवर बघा. क्लच दाबला की क्रँक पुढे रेटला जातो आणि तो भार हा खेळ अडवणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर येतो. सहसा ०.१ ते ०.३ मिलिमीटर खेळ असतो. हाताने ढकलल्यावर 'टक' असा स्पष्ट ठोका लागत असेल, तर डायलची वाट न बघता काळजी करा.

आता चेंबर. इंजिन गाडीत असताना ऑइलचा चेंबर (तळाचं भांडं) काढायचा म्हणजे बऱ्याचदा क्रॉसमेंबर आडवा येतो. आता तो मोकळा आहे, आणि गॅस्केटही बदलायचीच आहे, म्हणून ही पायरी मी तुम्हाला उतरायला सांगेन. चेंबर निघेपर्यंत स्टँडवर इंजिन उलटं करू नका, नाहीतर तळाचा सगळा गाळ क्रँकवर आणि बोअरमध्ये जाईल. चेंबर निघाला की पंपाच्या जाळीत काय अडकलंय ते बघा. कुणीतरी पूर्वी सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनच्या वळकट्या तिथं हमखास सापडतात.

मग एक कनेक्टिंग रॉडची कॅप आणि एक मेन बेअरिंगची कॅप खोला. एकेकच, आणि तिची दिशा खूण करून. त्याआधी मॅन्युअलमध्ये बघा, बोल्ट ताणून बसवायच्या जातीचे असतील तर खोललेले बोल्ट नवेच घालावे लागतात. इथं एक गोष्ट बरेचजण चुकवतात. रॉडवर स्फोटाचा मार वरून येतो, म्हणून तिथं वरचा, रॉडमधला शेल (बेअरिंगचा अर्धा तुकडा) झिजतो. कॅपमधला खालचा शेल बघून 'नवाकोरा आहे' म्हणू नका. रॉड किंचित वर सारून वरचा शेल सरकवून काढा. मेन बेअरिंगला उलट : तिथं मार कॅपमधल्या शेलवर. शेल एकसारखा करडा असेल तर छान. करड्यातून तांबं डोकावत असेल तर वरचा थर गेला. लांब ओरखडे असतील तर घाण फिरली आहे. क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) नख फिरवा. नख अडलं नाही आणि प्लास्टिगेजची (फट मोजायच्या मऊ प्लास्टिकची) पट्टी मॅन्युअलच्या मापात चेपली, तर तुमचा क्रँक चांगला. बऱ्याच गाड्यांत हे माप ०.०२ ते ०.०६ मिलिमीटरच्या दरम्यान असतं. पट्टी ठेवल्यावर क्रँक फिरवायचा नाही, एवढं पाळा.

शेलवर तांबं दिसतंय पण जर्नल गुळगुळीत आणि मापात आहे, अशी मधली अवस्था आली तर त्याच मापाचे नवे शेल घालून मोकळे व्हा. पिस्टन न काढता हे होतं. जुन्या शेलच्या पाठीवरचं माप आधी वाचा, कारण क्रँक पूर्वी कुणी ग्राइंड केलेला असू शकतो. आणि काही इंजिनांत प्रत्येक जर्नलला रंगाच्या खुणेनुसार वेगळा शेल लागतो.

माझा अंदाज असा, की तुमच्या बाबतीत इथपर्यंत सगळं ठीक निघेल. मग उरला सकाळचा धूर. त्यासाठी हेड उतरवायची गरज नाही. टायमिंग बेल्ट तर बदलायचाच आहे. कॅमशाफ्ट काढा, प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा (टोक बाहेर ठेवून, हे सांगायला लागू नये पण सांगतो), पिस्टन वर आणा, की दोरी व्हॉल्वला खालून धरून ठेवते. स्प्रिंग दाबून चिमटे काढा, जुना सील उपटा, नवा बसवा. मध्येच दोरी जरा सैल करून व्हॉल्वची दांडी बोटाने डुलवून बघा. भसाभसा डुलली तर गाइड गेलं, नवा सील फार टिकणार नाही, आणि मग हेड उतरवण्याला अर्थ आहे.

हेड उतरवावंच लागलं, तर बोअर स्वतःच बोलतो. होनिंगच्या (दगडाने बोअर घासण्याच्या) तिरप्या जाळीच्या रेघा अजून दिसत असतील तर झीज नगण्य. वरच्या कडेशी नख अडकेल असा काठ असेल तर मोजा. बोअर डायलने वर, मध्ये, खाली; प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या लांबीच्या दिशेने आणि तिला आडवं. सर्वांत जास्त झीज सहसा वरती, आडव्या दिशेत सापडते. वरच्या-खालच्या मापात ०.१ मिलिमीटरच्या आसपास फरक पडला तर मी बोअर करायला सांगतो. हेडवर स्ट्रेट एज ठेवून फिलर गेज सरकवा, ०.०५ मिलिमीटरचं पातं सहज आत जात असेल तर मॅन्युअलची मर्यादा बघून फेसिंगचा, म्हणजे हेडचा पृष्ठभाग सपाट करून घेण्याचा, विचार करा.

आणि इथं तुमच्या मित्राच्या 'रिंगा टाकून घे' बद्दल माझं स्पष्ट मत. लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नव्या गोल रिंगा घालणं हे या धंद्यातलं सर्वांत निरर्थक काम आहे. रिंग झिजलेल्या जागी टेकत नाही, ऑइल पूर्वीइतकंच खाते, आणि वरचा काठ तसाच ठेवला असेल तर नवी चौकोनी कडेची रिंग त्यावर आपटून तुटू शकते. बोअर गोल आणि सरळ असेल तर होन करून नव्या रिंगा, हे रास्त काम. नसेल तर बोअर आणि ओव्हरसाइज पिस्टन. या दोहोंच्या मधलं काम घेऊन कुणी आलं की मी परत पाठवत असे, आणि तो शेजारच्या लेथवर जाऊन करून घेत असे.

पूर्ण बांधणीची वेळ आलीच, तर आधी पिस्टन मिळतात का ते बघा. ०.२५, ०.५० अशा पायऱ्यांत मिळतात, पण प्रत्येक इंजिनाला प्रत्येक पायरी मिळेलच असं नाही. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका. चांगला कारागीर खोक्यावरच्या आकड्याला बोअर करत नाही, तुमचा पिस्टन मोजून त्याला करतो. तुमचा ब्लॉक बिडाचा आहे हे सुदैव. अॅल्युमिनियमच्या बोअरवर निकासिलसारखा लेप असता तर नेहमीच्या पद्धतीने बोअर करताच आला नसता.

बाहेर आहे तोवर काय करायलाच हवं, ते आता. मागचा क्रँक सील बदलणारच आहात. बदलण्याआधी गळती खरंच तिथली होती का ते बघा. रॉकर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळलेलं ऑइल बेलहाउसिंगपाशी (क्लचच्या कवचापाशी) येऊन थेंब धरतं आणि दोष खालच्या सीलला लागतो. ओल्या वाटेचा माग वरपर्यंत काढा. सील काढल्यावर क्रँकवर जुन्या ओठाने चर पाडलाय का ते नखाने बघा. पाडला असेल तर नवा सील किंचित आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागी आणता येतो, जागा देत असेल तर. नाहीतर पातळ स्लीव्ह चढवतात. आणि ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर सोडणारी वाट. तो तुंबला की चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑइल सर्वांत अशक्त सीलमधून वाट काढतं. ब्रीदरचा व्हॉल्व आणि नळ्या साफ केल्या नाहीत तर नवा सीलही पुन्हा ओला होईल आणि तुम्ही सीलच्या कंपनीला शिव्या द्याल.

फ्लायव्हीलच्या मागे ब्लॉकला पाण्याच्या वाटा बंद करणारे पत्र्याचे कोअर प्लग असतील तर ते आत्ता बदला, पुन्हा तिथं हात पोचणार नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकत्र. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकत्र. पुढचा सील, कॅमचा सील, इंजिन माउंटिंग. यातलं काहीही 'इंजिन खोलणं' नाही, पण काकांना सांगताना जपून सांगा.

पूर्ण बांधा, असं मी कधी म्हणेन? फिल्टरमध्ये तांबूस कण आणि जर्नलवर चर. गरम असताना प्रेशर नाही. गाडी एकदा पाणी संपून कडकडीत तापलेली. दोन-तीन सिलिंडर रिंगांतून वीसच्या पुढे गळणारे. यातलं एक जरी ठाम निघालं तर अर्धवट करू नका. आणि यातलं काहीच निघालं नाही, तर गिअरबॉक्स जोडा आणि गाडी रस्त्यावर आणा. आणखी १ लाख किलोमीटरनंतर उतरवावं लागलं तर तेव्हा उतरवा. एकदा उतरवलंत ना? दुसऱ्यांदा निम्म्या वेळात होतं.

प्रश्न : ब्लॉक बोअर-होन करून आणला. पेट्रोलने धुतला, हवा मारली, चकचकीत दिसतो. थेट बसवायला घेऊ?

उत्तर : नका. होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांच्या खाचांत रुतलेली असते. पेट्रोल ऑइल धुऊन नेतं आणि भुकटी तिथंच ठेवतं, वर आगीचा धोका वेगळा. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ताठ ब्रश घ्या, फेस काळा येईतो घासा, परत घासा. ऑइलच्या वाटांचे प्लग काढून लांब बारीक ब्रशने त्याही घासा. मग पांढऱ्या फडक्याला थोडं ऑइल लावून बोअर पुसा. फडकं करडं आलं तर पुन्हा साबण. स्वच्छ आलं की लगेच वाळवून ऑइल चोळा, कारण कोऱ्या बिडावर बघता बघता गंज चढतो. 'उद्या सकाळी लावतो' चालणार नाही.

प्रश्न : बांधलेलं इंजिन 'बसण्यासाठी' पहिले दोन दिवस आयडलवर चालू ठेवायचं असं आमचे जुने मिस्त्री सांगतात. बरोबर आहे का?

उत्तर : हेतू बरोबर, उपाय उलटा. रिंग बोअरवर दाबली जाते ती मुख्यतः तिच्या मागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबाने. आयडलवर तो दाब फारच कमी असतो. रिंग नुसती घसरत राहते, बोअरवर काचेसारखा थर धरतो आणि मग ती कधीच नीट बसत नाही.

सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने फिरवा, प्रेशर दिसेपर्यंत. मग प्लग लावा, सुरू करा, गळती बघा, गरम होऊ द्या आणि रस्त्यावर काढा. मधल्या गिअरमध्ये अर्ध्या-पाऊण अॅक्सिलरेटरने वेग वाढवायचा, मग पाय काढून गाडीला आपोआप मंद होऊ द्यायचं, पुन्हा तसंच. एकाच वेगात तासन्‌तास जायचं नाही, इंजिन घुसमटवायचं नाही, रेडलाइनला न्यायचं नाही. अपवाद एकच : जुन्या घडणीच्या, सपाट टॅपेटच्या इंजिनात कॅमही नवा असेल तर पहिल्यांदा सुरू झाल्याबरोबर सुमारे वीस मिनिटं २ हजार आरपीएमच्या आसपास चालवावं लागतं, आयडलला येऊच द्यायचं नाही, नाहीतर कॅमचे उंचवटे खरवडले जातात. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान बदला, आणि तो फिल्टर कापून बघा.